घरचा पलंग हॉटेलातल्यासारखा नीटनेटका आणि भारदस्त कसा दिसेल?

तुमचा प्रश्न असा आहे: पलंग सहा बाय साडेसहा, गादी आठ इंच जाड, चादर सकाळी कितीही ताणून घातली तरी दुपारपर्यंत गोळा होते. महागडं सामान न घेता हॉटेलसारखा पलंग नाशिकच्या घरात जमेल का? नक्की जमेल. चादर गोळा होण्याचं कारण बहुतेक वेळा तिचं माप असतं, म्हणून आधी टेप घ्या.

तुमची गादी ७२ बाय ७८ इंच. बाजारात 'किंग साइज' म्हणून मिळणारी चादर साधारण १०८ बाय १०८ इंच असते. रुंदीचा हिशेब: गादीचे ७२, दोन्ही बाजूंची जाडी ८ अधिक ८, म्हणजे ८८. उरले २०, म्हणजे प्रत्येक बाजूला खोचायला १० इंच. हे ठीक आहे. लांबीत मात्र ७८ आणि १६ मिळून ९४ होतात, म्हणजे उशाशी आणि पायथ्याशी जेमतेम ७-७ इंच. त्यात सुती कापड पहिल्या काही धुण्यांत शेकडा ३ ते ५ आटतं. मग खोचायला ४-५ इंच राहतात आणि एका कुशीवर वळलं की ते बाहेर येतात. तुमच्या चादरीचं नेमकं हेच होत असणार. 'डबल' म्हणून मिळणारी ९० बाय १००ची चादर तर या गादीसाठी विचारातही घेऊ नका.

यावर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे कापड मीटरवर घेणं. नाशिकमध्ये शालिमार, मेन रोडच्या कापड दुकानांत चादरीचं १०८ इंच पन्ह्याचं सुती कापड विचारा आणि सव्वातीन मीटर घ्या. शिवायला देण्याआधी पाण्यातून काढून वाळवा, म्हणजे आटायचं ते आधीच आटेल. टेलरला सांगा, उशाकडची दुमड ४ इंच रुंद, पायथ्याकडची १ इंच. ती रुंद दुमड हीच हॉटेलच्या चादरीची ओळख. सगळं होऊन लांबी ११७-११८ इंच भरते आणि दोन्ही टोकांना ११-१२ इंच खोचायला मिळतात.

कापड कोणतं? दोनशे ते तीनशे थ्रेड काउंटचं (म्हणजे एका चौरस इंचात तितके धागे असलेलं) शंभर टक्के सुती पुरेसं आहे. हजारचे आकडे बहुधा दुहेरी-तिहेरी पिळाचा प्रत्येक धागा वेगळा मोजून आलेले असतात, त्यासाठी पैसे घालू नका. साध्या विणीचं पर्केल कुरकुरीत राहतं आणि एप्रिल-मेमध्ये अंगाला थंड लागतं. सॅटीन विणीला चमक असते, पण त्याचे धागे लवकर ओढले जातात आणि उन्हाळ्यात ते गरम वाटतं. 'ग्लेस कॉटन' नावाने मिळतं त्यात बरेचदा पॉलिएस्टर असतं. कडेचा एक धागा काढून पेटवून बघा. सुती धागा कागदासारखा जळून मऊ राख होते, पॉलिएस्टरची कडक गोळी बनते.

आता चादर का घसरते, ते पाहू. फोमच्या गादीचं वरचं कापड गुळगुळीत असतं, त्यावरचा वॉटरप्रूफ प्रोटेक्टरही तसाच. मध्ये एक जुनी, धुऊन मऊ झालेली सुती चादर घट्ट अंथरली की वरची तिला धरून बसते. गादी कापसाची असेल तर अडचण वेगळी असते. तिच्या कडा गोल होतात आणि मध्ये खड्डा पडतो, मग कुठलीही चादर सपाट दिसत नाही. आधी पिंजून, कडेची मगजी नीट शिवून घ्या.

खरं काम आहे कोपऱ्याचं, इथे घाई करू नका. पलंग भिंतीला टेकला असेल तर वीतभर पुढे ओढा. चादरीची मधली घडी गादीच्या बरोबर मध्यावर येऊ द्या. आधी उशाकडची आणि पायथ्याकडची बाजू पूर्ण खोचा. मग पायथ्याच्या कोपऱ्यापाशी या. कोपऱ्यापासून साधारण १५ इंचांवर चादरीची लोंबती कड धरा आणि सरळ वर उचलून गादीवर टाका. गादीवर एक तिरका त्रिकोण दिसेल. खाली जो भाग लोंबतोय तो गादीखाली सपाट सारा. आता एका हाताने गादीच्या कडेवर ती घडी दाबून धरा, दुसऱ्या हाताने त्रिकोण खाली सोडा आणि बाजूची सगळी कड एका दमात खोचत उशापर्यंत जा. तळवा खाली ठेवून हात सारलात तर बोटांची हाडं लाकडावर घासत नाहीत आणि कापडही वर येत नाही. कोपऱ्यावर ४५ अंशांची स्वच्छ रेघ आली पाहिजे. ती फुगली तर त्रिकोण सोडताना घडीवरचा हात सुटला असं समजा. एक बाजू पूर्ण झाल्यावरच समोरच्या बाजूला जा. तिथे खोचण्याआधी दोन्ही हातांनी ओढ द्या, मधल्या सुरकुत्या तेव्हाच जातात.

अख्ख्या चादरीला इस्त्री करायची गरज नाही. उशाकडचे वीसेक इंच आणि अभ्रे, एवढ्यांनाच करा, तीही कापड किंचित दमट असताना. बाकीच्या भागावर बाटलीने पाण्याचा बारीक फवारा मारून तळहाताने बाहेरच्या दिशेने सारा आणि दहा मिनिटं पंखा लावा. साबुदाण्याची पातळ खळ दिली तर अभ्रे फार देखणे दिसतात. पावसाळ्यात मात्र खळ टाळा. दमट हवेत ती ओल धरते आणि कापडावर बुरशीचे ठिपके येतात.

उशांकडे लोक फार दुर्लक्ष करतात. १७ बाय २७ इंचांच्या दोन उशा शेजारी ठेवल्या की ५४ इंच होतात, सहा फुटी पलंगावर त्या हरवल्यासारख्या दिसतात. २० बाय ३०च्या दोन मागे उभ्या टेकवा, रोजच्या दोन त्यांच्या पुढे. अभ्रा उशीच्या मापाचा किंवा इंचभर लहान असावा, सैल अभ्रा म्हणजे मरगळलेली उशी. अभ्र्याचं उघडं तोंड दारापासून पलीकडच्या बाजूला. शोभेच्या उशीला १८ इंची कव्हर असेल तर आत २० इंची भरण घाला, कोपरे टुमटुमीत राहतात. अशा उशा दोन पुरेत. पाच-सहा मांडल्या की रोज रात्री त्या जमिनीवर जातात. त्यापेक्षा मध्ये एकच लोड ठेवा, आपल्या घरात तो जास्त शोभतो. येवल्याच्या जुन्या पैठणीचा काठ घरात असेल तर लोडाला त्याची पट्टी लावता येते. आतून अस्तर हवंच, आणि झोपताना लोड बाजूला काढा, घासून जरीचे धागे निघतात.

वरच्या थरांत पांघरायची एक साधी चादर आणि तिच्यावर दुलई किंवा रजई. दुलई उशांच्या थोडी खाली संपवा आणि पांघरायच्या चादरीची ४ इंची दुमड असलेली बाजू दुलईवर १०-१२ इंच उलटवा. म्हणजे वरच्या चादरीलाही तशीच दुमड घालून घ्या. थंडीत पायथ्याशी सोलापुरी चादर टाका. तिचं माप साधारण ६० बाय ९० इंच असतं. रुंदीत तीन घड्या केल्या की २० इंची पट्टा होतो, तो आडवा टाकला की दोन्ही बाजूंना ९-९ इंच सारखा लोंबतो. पायथ्याच्या कडेपासून वीतभर आत ठेवा. घरची गोधडी असेल तर मी तीच निवडेन. खालचं सगळं एकरंगी असलं की गोधडीचे रंग खुलून दिसतात. दोन्ही नक्षीदार असलं की डोळा ठरत नाही.

रंग पांढरा घ्यायचा तर अभ्र्याखाली चेनचं आतलं कव्हर घाला, डोक्याचं तेल उशीत मुरतं आणि तो पिवळा डाग पुढे निघत नाही. सोसायटीत बोअरचं जड पाणी येत असेल तर साबण नीट निघत नाही, कापड राखट आणि ताठ होतं. पावडर वाढवू नका, खळबळण्याचं पाणी एकदा जास्त घ्या. क्लोरीनचं ब्लीच इलॅस्टिकच्या बेडशीटला लावू नका, इलॅस्टिक ढिलं पडतं आणि मग कोपरे धरत नाहीत.