ध्रुवीय आयनांबराच्या नोंदी वाचताना

आपण आयनांबराच्या, म्हणजे वातावरणाच्या वरच्या आयनीभूत भागाच्या, नोंदी नुकत्याच हाताळू लागला आहात, म्हणून आधीच सांगतो: मध्य अक्षांशांवरच्या थरांचे नीटस चित्र उत्तर नॉर्वेतील ट्रॉम्सो किंवा त्याच्याही उत्तरेकडील स्वालबार्ड द्वीपसमूहाच्या रडारनोंदींवर लादू नका. स्वालबार्डला भर हिवाळ्यात सूर्य कित्येक आठवडे उगवत नाही, तरीही सुमारे ३०० किलोमीटर उंचीवर शेकडो किलोमीटर रुंदीचे इलेक्ट्रॉनांचे दाट पुंजके सरकताना दिसतात. ते बहुधा तिथे जन्मलेले नसून, दिवसाच्या बाजूला सूर्यकिरणांनी आयनीभूत झालेला प्लाझ्मा (आयन आणि मुक्त इलेक्ट्रॉन असलेला वायू) ध्रुवावरून वाहत आलेला असतो.

म्हणून इलेक्ट्रॉन घनतेचा आलेख कधीही एकटा पाहू नये, त्याच्या शेजारी इलेक्ट्रॉनांचे तापमान ठेवावे. घनता वाढूनही तापमान कमीच राहिले, तर पुंजका बाहेरून आल्याची शक्यता अधिक. दोन्ही वाढले, तर वरून विद्युतभारित कणांचा मारा होत असावा.

ध्रुवप्रकाशाच्या वेळी ११० किलोमीटरजवळ उमटणारी घनतेची चिंचोळी शिखरे काही सेकंदांत बदलतात. मिनिटाची सरासरी घेतली की ती पुसली जातात, आणि माझ्या मते नवख्यांची सर्वांत मोठी चूक इथेच होते. शक्य असेल तेव्हा पाच सेकंदांच्या मूळ नोंदींकडे परत जा, गोंगाट वाढला तरी चालेल.