‘बॉर्डरलाइन’ला मराठीत काय म्हणावं?

घणसोलीच्या एका अनुवादकांनी विचारलंय की ‘बॉर्डरलाइन’ला नेमका मराठी शब्द कोणता. त्यांच्याकडे आलेल्या मजकुरात तो चार ठिकाणी आहे: मधुमेहाची बॉर्डरलाइन केस, बॉर्डरलाइन मार्कांचा विद्यार्थी, बॉर्डरलाइन धमकीच वाटावी असं पत्र आणि बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर. त्यांनी चारही ठिकाणी ‘सीमारेषेवरील’ लिहिलं आणि मजकूर तपासणाऱ्याला ते खटकलं.

खटकणारच. सीमारेषा म्हटलं की एक तर बंदूकधारी जवान डोळ्यांपुढे येतो, नाही तर उंच गेलेला झेल टिपणारा क्षेत्ररक्षक. ‘सीमावर्ती’ म्हटलं की बेळगाव-निपाणी. ‘सीमांत’च्या तर वाटेलाच जाऊ नका, तो ‘मार्जिनल’साठी अर्थशास्त्राने केव्हाच घेऊन टाकलाय. सीमांत उपयोगिता, सीमांत शेतकरी (एक हेक्टरपर्यंत जमीन असलेला, सरकारी मराठीत अत्यल्प भूधारक).

मुळात चारही जागी एकच शब्द बसवायचा हट्ट सोडावा. इंग्रजी शब्द प्रकरण रेषेवर आहे एवढंच सांगून थांबतो. आपण मराठीत बोलताना ते कुठल्या अंगाला कललंय हेही त्याच दमात सांगून टाकतो.

मार्कांचं सोपं आहे. शंभरात ३५ ला पास, आणि पोराला ३५ किंवा ३६ पडले की तो ‘काठावर पास’. पण ३३ पडले तर ‘काठावर नापास’ असं कोणी म्हणत नाही. तिथे ‘दोन मार्कांनी गेला’ किंवा ‘थोडक्यात हुकला’. म्हणजे ‘काठावर’मध्ये वाचल्याचा सुस्कारा आधीच धरलेला आहे. वरून हात देऊन वाचवलेला असेल तर त्याला ‘ढकलपास’ हा वेगळा शब्द आहे, आणि त्यातली खोच इंग्रजीत आणून दाखवावी कोणी.

साखरेला म्हणूनच ‘काठावर’ मला पुरेसा वाटत नाही. उपाशीपोटी रक्तातली साखर १०० ते १२५ मिलिग्रॅमच्या दरम्यान असेल तर भारतातले बहुतेक डॉक्टर तिला मधुमेहपूर्व अवस्था म्हणतात. १२६ पासून मधुमेह. (जागतिक आरोग्य संघटना खालची रेषा १०० ऐवजी ११० धरते.) ‘काठावर’ म्हटलं तर ११८ चा माणूस ‘चला, सुटलो’ म्हणून संध्याकाळी जिलेबी आणेल. तिथे ‘मधुमेहाच्या उंबरठ्यावर’ चांगलं, कारण उंबरठ्याला दिशा असते. तारुण्याच्या उंबरठ्यावरचा मुलगा पुढे आत जाणार हे आपण गृहीत धरतो. उंबरठ्यावरून मागेही फिरता येतं, आणि साखरेच्या बाबतीत डॉक्टरांना नेमकं तेच सांगायचं असतं. तपासणीच्या खोलीत मात्र यातलं काहीच ऐकू येत नाही. तिथे सरळ ‘शुगर बॉर्डरवर आहे’. ‘लाइन’ गळाली, मराठी ‘वर’ लागला, शब्द आपला झाला. पत्रक सामान्य माणसासाठी असेल तर मी बेधडक हेच लिहीन आणि पुढे आकडा देईन.

पत्राचं प्रकरण सगळ्यात मजेचं. धमकी म्हणावी तर उघड धमकी नाही, विनंती म्हणावी तर सूर तसा नाही. यासाठी मराठीत ‘वजा’ आहे: धमकीवजा इशारा, हुकूमवजा विनंती, खानावळवजा हॉटेल. सोसायटीच्या नोटीस बोर्डावर ‘थकबाकीदार सभासदांनी कृपया सहकार्य करावे, अन्यथा नावे प्रसिद्ध करण्यात येतील’ असं असतं ना, ती विनंतीवजा तंबी. इंग्रजीत ‘बॉर्डरलाइन’ विशेषणाआधी क्रियाविशेषणासारखा बसतो, ‘बॉर्डरलाइन रूड’ म्हणतात तसा. तिथे ‘उद्धटपणाकडे झुकणारं’ किंवा ‘जवळजवळ उद्धटच’ चालतं. त्याहून नेटका आपला ‘-सर’ प्रत्यय. काळसर, गोडसर, ओलसर, भोळसर. आणि वेडसर! वेडा आणि वेडसर यांच्यामधली जागा एका प्रत्ययात मोजून दिलीय. फक्त हा प्रत्यय हव्या त्या शब्दाला डकवता येत नाही, ‘उद्धटसर’ कानाला चालणार नाही.

पक्वतेच्या मधल्या पायरीला तर स्वतंत्र शब्दच आहेत. पाडाला आलेला आंबा, गाभुळलेली चिंच, अधमुरं दही. यातल्या कशालाही ‘बॉर्डरलाइन’ म्हणून पाहा, चवच जाते.

जागेची गोष्ट असेल तर ‘हद्दीवर’. विटावा ठाणे महापालिकेत, लगेच पुढचं दिघा नवी मुंबईत. तिथल्या खड्ड्याला ‘बॉर्डरलाइन खड्डा’ कोणी म्हणणार नाही, तो कुणाच्या हद्दीतला एवढाच वाद. जुना शब्द शीव, ‘सीमा’चंच घरगुती रूप. सायन स्टेशनच्या मराठी नावात तो अजून आहे: एका बाजूला मुंबई बेट, दुसऱ्या बाजूला ठाणे ज्यावर वसलंय ते साष्टी, आणि त्यांच्यामधली ती शीव. जागा ठरलेली, पण कारभार कुणाचा हे ठरत नाही, तेव्हा ‘अधांतरी’. शिळफाट्याकडची चौदा गावं नवी मुंबई महापालिकेत होती, मग वगळली गेली, मग पुन्हा घ्यायचं ठरलं. त्या मधल्या काळाला दुसरा शब्द नाही.

समानार्थी म्हणून ‘तळ्यात-मळ्यात’ आणि ‘दोन्ही दगडांवर पाय’ही सुचवले जातात. ते माणसाच्या मनाचे किंवा लबाडीचे शब्द आहेत, प्रकरणाचे नव्हेत. रक्ताचा रिपोर्ट तळ्यात-मळ्यात करत नाही.

राहिला चौथा. तिथे भाषांतर करूच नका. अमेरिकी मनोविश्लेषक अडॉल्फ स्टर्न यांनी १९३८ मध्ये हा शब्द वापरला तो न्यूरोसिस (वास्तवाचं भान शाबूत असलेला मनोविकार) आणि सायकोसिस (ते भान सुटलेला) यांच्या मधोमध वाटणाऱ्या रुग्णांसाठी. १९८० मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात स्वतंत्र विकार म्हणून त्याची नोंद झाली, ती जुनी कल्पना मागे पडली, नाव तेवढं चिकटून राहिलं. आज ‘काठावरचा’ किंवा ‘सीमारेषेवरील’ लिहिलंत तर विकार थोडासाच आहे असं वाचक समजेल, आणि हा आजार थोडासा नसतो. ‘बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकार’ असंच ठेवा.

पत्रकात पुढे बीपी आणि हिमोग्लोबिनही येणार असेल, तर बीपी ‘जरा वरच्या अंगाला’ आणि बाईंचं हिमोग्लोबिन ‘जेमतेम १२’ लिहा. गरोदर नसलेल्या स्त्रीत १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात, तेव्हा ‘जेमतेम’ तिथे अचूक बसतो.