खलनायक, खलपुरुष की प्रतिनायक?

विट्याच्या एका वाचकाचा प्रश्न आहे : 'कादंबरी लिहितोय. तिच्यातल्या वाईट माणसाला खलनायक म्हणू, खलपुरुष म्हणू की प्रतिनायक? शिवाय दुष्ट, नीच, क्रूर यांपलीकडे शब्दच सुचत नाहीत. माझा खलनायक दर वेळी सिनेमातला पाटील होऊन बसतो.'

पहिला प्रश्न लवकर मिटेल. प्रतिनायक हा नाट्यशास्त्राचा शब्द. धनंजयाच्या 'दशरूपका'त त्याची लक्षणं दिली आहेत : लुब्ध, धीरोद्धत (गर्विष्ठ आणि उग्र), स्तब्ध, पापकृत्, व्यसनी. यातला 'स्तब्ध' म्हणजे गप्प बसलेला नव्हे, ताठर. रामापुढे रावण, युधिष्ठिरापुढे दुर्योधन. म्हणजे प्रतिनायक नायकाच्या तोलाचा हवा. खलपुरुषाला ती अट नाही. 'मृच्छकटिक' या संस्कृत नाटकातला शकार राजाचा मेहुणा म्हणून माजलेला, स ऐवजी श बोलणारा मूर्ख. पण नायिकेचा, वसंतसेनेचा गळा आवळतो तोच. खलनायक या शब्दाची काटेकोर फोड केली तर 'खल असलेला नायक' असा अर्थ निघतो, म्हणून काही जण नाक मुरडतात. मुरडू देत. शब्द रुळलाय, बिनधास्त वापरा.

दुसरा प्रश्न जास्त मोलाचा. 'दुष्ट' हा निकाल आहे, वर्णन नव्हे. दुष्ट माणूस सकाळी उठून काय करतो, ते त्या शब्दातून कळत नाही. आपल्या भागात रोज बोलले जाणारे शब्द बघा. 'कळलाव्या' म्हटलं की दोन घरांत भांडण लावून तिसऱ्या घरी चहा पिणारा दिसतो. 'डूख धरणारा' दहा वर्षांपूर्वीच्या लग्नातला मानपान विसरलेला नसतो. 'आतल्या गाठीचा' बोलत नाही, 'पाताळयंत्री' बोलतो ते दुसऱ्याच कारणासाठी. 'बेरकी' तर धड वाईटही नाही. त्याच्याकडे थोडं कौतुकानंच बघतात. आणि 'बांध कोरणारा'! दर नांगरटीला वीतभर सरकतो, पारायणाला पुढे बसतो, भावकीत कुणी आजारी पडलं तर आधी गाडी काढतो. विटा-खानापुरात असा माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. त्याच्या हातात बंदूक देऊ नका, मोजणीची नोटीस द्या.

सांगलीच्या रंगभूमीवरही हा बदल दिसतो. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं. त्या धाटणीच्या नाटकांत राक्षस आरोळ्या ठोकत यायचे. म्हणून तर त्यांना 'अललडुर्र' नाटकं म्हणतात. हरिपूरच्या देवलांच्या 'शारदे'त (1899) आरोळी नाही. भुजंगनाथ म्हातारा बोहल्यावर चढायला निघतो, भद्रेश्वर जुळवाजुळव करतो, पण मला सर्वांत भयंकर वाटतो तो शारदेचा बाप कांचनभट. तो पैशाला भुललेला, बस्स. नावातच सोनं ठेवून देवलांनी कारणही सांगून टाकलंय.

जिवंत माणसावरून पात्र उचलायचं असेल तर खाडिलकरांचं 'कीचकवध' (1907) आठवा. तेही सांगलीचेच. प्रेक्षकांना कीचकात व्हाइसरॉय राहिलेला लॉर्ड कर्झन दिसला, सरकारलाही दिसला, आणि 1910 मध्ये नाटकावर बंदी आली. तुमच्या कादंबरीवर सरकार बंदी घालणार नाही, पण भावकी ओळखेल. तेव्हा माणूस उचलू नका, त्याची एखादी खोड उचला आणि ती दुसऱ्याच धंद्यातल्या माणसाला लावा. बांध कोरणाऱ्याची वीतभर सरकण्याची सवय द्राक्षाच्या व्यापाऱ्याच्या वजनकाट्यावरही शोभते.

पसायदानातली 'जे खळांची व्यंकटी सांडो' ही ओळ लेखकानं वेगळ्या कानानं ऐकावी. खळ नष्ट होवोत असं मागणं नाही. त्यांचा वाकडेपणा गळून पडो, एवढंच आहे. म्हणजे व्यंकटी वेगळी, माणूस वेगळा. पात्र लिहिताना ती गळाली तर खाली कोण उरेल, हे तुम्हाला ठाऊक असायला हवं. सिनेमातल्या पाटलाखाली कुणीच उरत नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो : स्त्री असेल तर 'खलनायिका' बरोबर आहे. मात्र कजाग, कैदाशीण, जहांबाज हे तयार शब्द जपून वापरा. ते बहुधा तिच्या तोंडाबद्दल बोलतात, कृत्याबद्दल नाही. पाताळयंत्री मात्र बाईलाही तितकाच चालतो.