दीर्घ आजारात घरी बसून जुन्या वस्तूंचं काही करत राहिलं, तर खरंच बरं वाटतं का?

तुम्ही लिहिलंय की दुखण्यामुळे नोकरी सुटली, महागडा छंद परवडत नाही, आणि विचारलंय की घरातल्या टाकाऊ वस्तूंचं काहीबाही करण्यात अर्थ आहे की नुसता वेळ जातो. माझ्यापुरतं सांगते. दुखणं कमी होत नाही. वेळ मात्र जातो, आणि ज्याला दुपारी दोन ते पाच हे तीन तास कसे काढायचे ते कळत नाही, त्याला विचारा ही केवढी सोय आहे ते.

मी सांगलीची, गावभागातली. नऊ वर्षं आमवात आहे, डॉक्टर त्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. शरीराची रोगप्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उठते. सकाळी तासभर बोटं वळत नाहीत, चहाचा कप दोन्ही हातांनी धरते. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, शनिवारी रात्री (ही गोळी चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून कॅलेंडरवर खूण करते), आणि रविवार लोळण्यात जातो.

शिवणाकडे मी हौसेनं वळले नाही. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. आमच्या खालच्या खोलीतल्या ट्रंकेत आईची सुती लुगडी होती. पाणी ओसरल्यावर उघडली तर नुसता चिखल. तीन-चारदा धुतली, वास गेला, डाग गेले नाहीत. नेसता येईनात आणि टाकवेनात. वर्षभर गाठोडं माळ्यावर पडून होतं. मग एकदा मनात आलं, वाकळ, म्हणजे गोधडी, शिवावी.

आई चार-पाच थरांची वाकळ शिवायची, कडेनं सुरुवात करून आत आत फिरत मधोमध यायचं. मला ते जमलं नाही. सुई आत जायची, पण पलीकडून ओढायला चिमटीत जोरच नाही. पहिल्या दिवशी सगळं भिरकावून दिलं. मग थर दोनच केले. वाकळ नाही, दुपटं म्हणा. सुई ओढायला सायकलच्या ट्यूबचा बोटभर तुकडा घेतला. रबरात सुई धरली की सटकत नाही, चिमटीवरचा ताण निम्मा होतो. कात्री जवळजवळ बंद. जुनं सुती लुगडं इतकं विरलेलं असतं की कडेला कापा दिला की धाग्याच्या रेषेत आपोआप फाटत जातं. लेक कॉलेजला जाताना दहा सुया ओवून जुन्या स्पंजात खोचून ठेवते. दहा सुया संपल्या की त्या दिवसाचं काम संपलं. हा नियम फार उपयोगी पडला, नाहीतर माझा हात थांबत नाही आणि रात्री मनगट बोंब मारतं.

नवं कापड आणलं की त्याचा धाक वाटतो. पैसे घातलेत, बिघडलं तर? वेळेत झालं नाही तर? पुरातल्या लुगड्याला असला काही मान नसतो. टाका वाकडा गेला, जाऊ दे. एक दुपटं अडीच महिने पलंगाखाली पडून होतं, काढलं आणि जिथं सुई अडकवली होती तिथून पुढं सुरू. बऱ्या दिवसांचे टाके तांदळाएवढे, वाईट दिवसांचे हरभऱ्याएवढे. आईनं बघितलं असतं तर उसवायला लावलं असतं.

मळभ नसेल तर दुसरं एक काम करते, रद्दीच्या लगद्याची टोपली. आजीच्या वेळचंच आहे. वर्तमानपत्राचे तुकडे दोन दिवस भिजवायचे, मिक्सरच्या जुन्या भांड्यात वाटायचे, त्यात रात्रभर भिजवून वाटलेली मूठभर मेथी. मेथीच्या चिकटपणानं लगदा धरून राहतो आणि कडूपणामुळे कीड लागत नाही. मी चमचाभर हळदही घालते, सांगलीत राहून हळदीचा चिंगूसपणा कशाला! लगदा पिळायला हात लागतो, म्हणून चक्क्यासारखा फडक्यात टांगून ठेवते. मग पालथ्या पातेल्यावर प्लॅस्टिक घालून थापायचा. कोमट लगद्यात बोटं बुडवली की बरं वाटतं. पावसाळ्यात मात्र करू नका, वाळत नाही, बुरशी येते.

एक चूक माझ्याकडून झाली, ती तुम्ही करू नका. नात्यातल्या एका बारशासाठी बारा दुपटी देते म्हटलं, पंधरा दिवसांत. "काकू, विकायलाच काढा की" असं सगळे म्हणायचे, मीही फुगले. आठव्या दिवशी दोन्ही मनगटं सुजली, पुढचा महिना औषधं वाढवून अंथरुणात. सहा दुपटी दिली, सहाचे पैसे परत केले. आता कुणी मागितलं तर हसून विषय बदलते.

आणि ते शाळेच्या प्रदर्शनातलं, बाटलीला चमकी लावून फुलदाणी वगैरे, मला मुळीच आवडत नाही. चार दिवसांत धूळ खातं आणि पुसायचं काम आपल्याच हाताला. पायपुसणं, पोळ्यांच्या डब्यातलं फडकं असलं रोजच्या वापरातलं करा.

तुमचं दुखणं कुठलं ते लिहिलं नाहीत, म्हणून हाताच्या कामाबद्दल आधी डॉक्टरांना नाहीतर फिजिओथेरपिस्टना विचारा. सुरुवातीला वीस मिनिटांचा गजर लावा आणि दुखायच्या आधी उठा. ट्यूबचा तुकडा कुठल्याही पंक्चरवाल्याकडे मागा. आमच्या कोपऱ्यावरच्यानं पैसे घेतले नाहीत, फक्त "ह्याचं काय करणार?" म्हणून विचारलं. सुई ओढायला म्हटल्यावर त्यानं दोन तुकडे जास्तच दिले.