आयझॅक असिमॉव्ह यांची ‘फाउंडेशन’ ही विज्ञान-कादंबऱ्यांची मालिका कथेतील कालक्रमाने वाचावी की प्रकाशनाच्या क्रमाने? त्यांच्याच रोबो कादंबऱ्या, म्हणजे यंत्रमानवांवरच्या कादंबऱ्या, आधी वाचायला हव्यात का?

प्रकाशनाच्या क्रमानेच वाचावी. १९५१चे ‘फाउंडेशन’, १९५२चे ‘फाउंडेशन अँड एम्पायर’ आणि १९५३चे ‘सेकंड फाउंडेशन’ संपेपर्यंत दुसरे काहीही हातात घेऊ नये.

माझे भुसावळचे मावसभाऊ इतिहासाचे शिक्षक आहेत. आम्ही सारे त्यांना दादा म्हणतो आणि घरात त्यांचा शब्द सहसा कोणी खाली पडू देत नाही. त्यांनी सातही पुस्तकांच्या पाठीवर क्रमांकाच्या चिठ्ठ्या डकवल्या आहेत आणि ‘एक’ हा आकडा १९८८ साली आलेल्या, पण कथेच्या काळाने सर्वांत आधीच्या ‘प्रील्यूड टू फाउंडेशन’वर आहे. त्यांच्या आग्रहाखातर चोपड्याच्या माझ्या भाचीने उन्हाळ्याच्या सुट्टीत तेच आधी उघडले. त्यात तरुण गणितज्ञ हॅरी सेल्डन ट्रँटर ग्रहावर या विभागातून त्या विभागात लपतछपत फिरतो. परंतु त्याच्या गणिताने पुढे काय उलथापालथ होणार आहे हेच ठाऊक नसल्यामुळे तो पकडला गेला काय किंवा सुटला काय, तिला सारखेच वाटले आणि पुस्तक अर्ध्यावर राहिले. वाचनाची आवड असलेल्या मुलीच्या मनात अशा लेखकाविषयी अढी बसावी, याचा मला मनापासून राग आला.

दिवाळीत ती जळगावला आमच्याकडे आली तेव्हा मी तिला १९५१चे पुस्तक दिले आणि ते संपल्यावर लगेच दुसरे. त्या दुसऱ्या पुस्तकात शत्रू दाराशी आलेला असताना सेल्डनची पूर्वी नोंदवून ठेवलेली प्रतिमा प्रकट होते आणि भलत्याच संकटाविषयी शांतपणे बोलत राहते. मी भरीतासाठी वांगी भाजत होते; ती पानात बोट ठेवून स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, “मावशी, म्हणजे सेल्डनचं गणितच चुकलं?” सेल्डनचे शास्त्र अफाट लोकसमूहाचे भाकीत करते, एकट्या माणसाचे नाही, हे आधीच्या पुस्तकात मुरलेले असल्याशिवाय तो धक्का बसतच नाही.

दादा अजूनही म्हणतात की ‘प्रील्यूड’च्या प्रारंभी लेखकानेच कालक्रमाची यादी दिली आहे. यादी आहे, परंतु ती घटनांच्या क्रमाची आहे. वर्गात इतिहास सनावळीने शिकवणे योग्यच. कादंबरीत मात्र लेखकाने कोणती गोष्ट केव्हा उघड केली, यालाच महत्त्व असते.

रोबो कादंबऱ्या १९८६च्या ‘फाउंडेशन अँड अर्थ’पूर्वी वाचल्यास तिचा शेवट अधिक भिडतो. पहिली तीन पुस्तके मुख्यतः १९४२पासून मासिकात आलेल्या कथांची असल्यामुळे त्यांतील पात्रे वारंवार बदलतात आणि एकाच नायकाची सवय असलेल्या वाचकाला ते सुरुवातीला जड जाते. तरीही तेवढ्यासाठी ‘प्रील्यूड’कडे वळू नये.