घरी केलेली लागर (थंडीत आंबवलेली बिअर) बाटलीत भरायच्या आधी डायअसिटिल रेस्ट (लोण्यासारखा वास देणारं डायअसिटिल यीस्टने शोषून घ्यावं म्हणून बिअर काही दिवस जरा उबदार ठेवणं) लागतेच का?

दरवेळी लागतेच असं नाही, पण मी तरी कधी सोडत नाही, कारण लागर १०-१२ अंशांवर आंबते आणि एवढ्या थंडीत यीस्ट सुस्त असतं, त्याच्याचमुळे तयार झालेलं डायअसिटिल परत शोषून घ्यायला त्याला खूप वेळ लागतो, मग बिअरला बटर पॉपकॉर्नसारखा वास राहतो. आंबणं साधारण पाऊण झालं की तापमान १६-१८ अंशांवर न्या, दोन-तीन दिवस ठेवा, बस. खात्री करायचीय तर थोडी बिअर ग्लासात झाकून ६०-७० अंशांच्या पाण्यात २० मिनिटं ठेवा, गार करून हुंगा. लोण्याचा वास आला तर अजून थांबा, आणि तोवर बिअर यीस्टवरून काढू नका प्लीज, साफसफाई तेच करणार आहे.