सोफ्याच्या एका बाजूला जुनी तिवई आणि दुसऱ्या बाजूला नवं एंड टेबल, असं चालतं का?

तुम्ही लिहिलंय की बेळगावात टिळकवाडीला नवा फ्लॅट घेतलाय, हॉल बारा बाय चौदाचा आहे, सोफ्याच्या एका अंगाला जुनं शिसवी टेबल आणि दुसऱ्या अंगाला शोरूममधलं काच-स्टीलचं ठेवायचं मनात आहे, आणि घरचे म्हणतायत ‘विचित्र दिसेल’. चालतं की. खुशाल ठेवा. दोन्हींची वरची बाजू साधारण एका उंचीला आली की बाकीचं डोळ्याला खुपत नाही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथंच संपलं. पण ‘विचित्र दिसेल’ वाचलं आणि माझं डोकं फिरलं, कारण हेच दोन शब्द मी आमच्या जाऊबाईंच्या तोंडून कितीतरी वर्षं ऐकतेय.

आम्ही इथल्याच वडगावचे, विणकर. मामंजी खड्ड्याच्या मागावर (जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं, तो) शहापुरी लुगडी विणायचे. पॉवरलूम आले, हातमागाची मजुरी परवडेना, आणि माग पुढच्या खोलीत नुसता धूळ खात उभा राहिला. मामंजी गेल्यावर वाटणी झाली तेव्हा तो मोडला. सागवानाचे चार खांब निघाले, सहा-सहा फुटांचे. दोन आम्हाला, दोन थोरल्या भावजींना. धोटे आणि फणी हे मागाचे सुटे भाग कुणालाच नको होते, ते मी पदरात घालून आणले. भावजी म्हणाले, “खांब बंबात घाल, महिनाभर आंघोळी होतील.”

मी घातले नाहीत. दोन वर्षं माडीवर पडले होते. मग आमच्या ह्यांच्या ओळखीचे एक वयस्कर मिस्त्री आले, त्यांनी रंध्याचा एकच हात फिरवला आणि म्हणाले, “कट्टिगी भाळ गट्टी ऐत्री, अक्कार.” (लाकूड फार टणक आहे, अक्का.) वरून काळाठिक्कर पडलेला खांब आतून मधाच्या रंगाचा निघाला. फक्त खालचे सात-आठ इंच गेले होते, जेवढे खड्ड्याच्या ओलीत होते तेवढे. ते कापून टाकल्यावर एका खांबात वीस-वीस इंचांचे तीन पाय बसत होते. उभा चिरून पाय वाढवावेत म्हटलं तर जुन्या भोकांपाशी फुटला असता. म्हणजे दोन खांबांत सहा पाय. दोन टेबलं हवीत तर प्रत्येकी तीन. म्हणून तिवया झाल्या! (टीपॉय म्हणतो ना आपण, त्याचा चहाशी काही संबंध नाही. तो ‘तिपाई’ इंग्रजांच्या तोंडात जाऊन आलाय.) वरच्या फळ्या माजघराच्या जुन्या दारातून काढल्या. एका पायाला दोरी घासून पडलेली करंगळीएवढी खाच आहे. मिस्त्री तिथं लांबी (पुट्टी) भरायला निघाले होते, मी हात धरला. त्या खाचेत बोट घातलं तर अजून गुळगुळीत लागतं. लाकूडकाम, पॉलिश सगळं धरून अठराशे रुपये झाले.

मग पुतणीला बघायला पाहुणे यायचे ठरले. बैठक आमच्या बाजूला, कारण हॉल आमचा मोठा. आदल्या संध्याकाळी जाऊबाई आल्या, तिवयांकडे बघून म्हणाल्या, “मागाचं भंगार हॉलमध्ये? विचित्र दिसतंय. त्यांना वाटेल अजून मागावरच बसतो आम्ही.” मला न विचारता दोन्ही तिवया आतल्या खोलीत गेल्या आणि त्यांच्या घरचं पांढरं चकचकीत साइड टेबल आलं. मी गप्प बसले. ते अजून सलतं. पाहुण्यांनी टेबलाकडे ढुंकूनही पाहिलं नाही, कुंदा (आपली दुधाची मिठाई) मात्र दोनदा मागून खाल्ला. सोयरीक शेवटी दुसरीकडेच जमली.

ते पांढरं टेबल म्हणजे दाबलेला भुसा आणि वर चिकटवलेली फिल्म. बेळगावचा पाऊस तुम्हाला सांगायला नको, जून ते सप्टेंबर आपल्याकडे कपडे वाळत नाहीत. त्यात रोज ओलं फडकं मारलेली फरशी. दुसऱ्या पावसाळ्यात टेबलाचे पाय खालून चहात बुडवलेल्या टोस्टसारखे फुगले, आणि ड्रॉवर जो अडकला तो अडकलाच. नवं म्हणजे वाईट असं मी म्हणत नाही. पण पाय धातूचे किंवा अस्सल लाकडाचे बघा, भुश्शाची फळी फरशीला टेकवू नका. काच घेतलीत तर टफन्ड, म्हणजे तापवून मजबूत केलेली घ्या.

आणि ‘आजकालचं’ म्हणजे तरी किती आजकालचं? शोरूममध्ये स्टीलच्या नळीचं, गोल काचेचं, उंची कमी-जास्त होणारं टेबल ‘लेटेस्ट’ म्हणून दाखवतात ना, ते मुळात आयलीन ग्रे नावाच्या आयरिश बाईंनी १९२७ च्या सुमारास केलेलं डिझाइन. आमच्या मामंजींच्या मागापेक्षा जुनं! माझी लेक इंटिरियर शिकते, तिनं हे सांगितलं तेव्हा मी मुद्दाम भिंतीपलीकडे ऐकू जाईल एवढ्या आवाजात पुन्हा विचारलं. गंमत सोडा, पण तुमच्या हॉलला ते खरंच सोयीचं आहे. त्याचा खालचा तळ सोफ्याखाली सरकतो आणि काच मांडीजवळ येते. फक्त सोफ्याखाली तेवढी फट आहे का ते आधी वाकून बघा, पुष्कळ सोफे जमिनीला टेकलेले असतात.

शिसवी घरचंच असेल तर प्रश्न नाही. विकत घेणार असाल तर ‘कॅम्पातल्या साहेबाच्या बंगल्यातलं’ ही गोष्ट ऐकून घ्या आणि टेबल उलटं करा. वरून पॉलिशनं काळं आणि खालून लाकूड फिकट पिवळं दिसलं की समजा, दुसऱ्याच लाकडाला काळं पॉलिश मारलंय. साहेबाच्या काळातलं म्हणतात आणि स्क्रू अधिकच्या खुणेचे असले तर ते बहुधा नंतर उघडून जोडलंय, कारण असे स्क्रू साहेबाच्या अगदी शेवटच्या काळात आले. वरची गोल फळी अखंड लाकडाची असेल तर टेप दोनदा लावा, एकदा रेषांच्या दिशेनं, एकदा आडवा. लाकूड वर्षानुवर्षं आडवं आकसतं, त्यामुळे खरी जुनी फळी किंचित लांबुळकी भरते. आणि रात्रभर खाली वर्तमानपत्र घालून ठेवा. सकाळी पिठासारखा भुस्सा पडलेला दिसला तर कीड चालू आहे, फुकट मिळालं तरी घरात घेऊ नका.

आता माझ्या तिवयांचं खरं सांगते, नाहीतर जाऊबाई हे वाचून हसतील. वीस इंचांचे पाय, वर इंचाची फळी, झाले एकवीस. आमच्या सोफ्याचा हात पंचवीसचा. चार इंच खाली. ह्यांना चहाचा कप ठेवायला दर वेळी सोफ्याबाहेर झुकावं लागतं, तोंडानं “अगं” निघतं. टेबल सोफ्याच्या हाताबरोबर किंवा इंच-दोन इंच खाली असावं, त्याहून जास्त फरक नको, आणि सोफ्याच्या बैठकीपुढे आलेलं नको, पायाला लागतं. हे मी आधी मोजलं नाही. दुसरं, तीन पाय आमच्या शहाबादी फरशीवर कधी डुगडुगत नाहीत हे खरं, पण दोन पायांच्या मधल्या कडेवर कुणी उठताना हात टेकला की तिवई आडवी होते. दोनदा झालीय, एकदा वर पोह्यांची बशी होती. जाऊबाईंचं तेवढं म्हणणं मी मान्य करते. घरात म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल तर चार पायांचंच घ्या. जुन्या लाखेच्या पॉलिशवर गरम कप ठेवला की पांढरी गोल खूण उठते, तेव्हा खाली काहीतरी ठेवायची सवय लावा. आमच्याकडे लागली नाही.

हे सगळं चार खांब मिळाले असते तर झालंच नसतं. बारा पाय निघाले असते, दोन्ही टेबलं चार पायांची, आणि पायही चोवीस इंचांचे ठेवता आले असते. एका खांबात दोनच पाय बसले असते, तरी आठ पुरले असते. मी भावजींकडे मागितले होते, पैसे देऊन. “बघू,” म्हणाले. ते दोन खांब आज त्यांच्या परसात उभे आहेत, मोटरसायकलवरची ताडपत्री बांधायला.